उसनं लोखंड

रेकॉर्डवर दोनच कडवी आहेत.
तिसरं अजून सुचायचंय, म्हणाला होबार्ट.
बरंच आहे, म्हणाला नॉक्सव्हिलचा स्टुडिओवाला,
एका बाजूला तीनच मिनिटं मावतात,
आणि चाळीस डॉलर मोजून घेतले.

पहिल्या कडव्यात संदेष्ट्याचे चेले
यार्देनच्या काठी झाडं तोडतात.
घाव घालताना एकाचं पातं दांड्यातून निसटतं
आणि बुडुक. पाणी मिटतं.
"मालक, उसनी होती हो ती!"
इथे होबार्ट स्टिडमचा आवाज असा चिरकायचा
की आमच्या लॉरेल खोऱ्यातले लाकूडतोडे
मान खाली घालून आपापल्या तळव्यांकडे बघत.
सगळ्यांचंच काही ना काही उसनं होतं,
कंपनीच्या दुकानातलं पीठ, कंपनीची खोली,
व्हर्जिल कूट्सची तर दोन बोटं करवतीनं व्याजात नेलेली.

दुसऱ्या कडव्यात एक काटकी पाण्यात पडते
आणि लोखंड तरंगतं.
मी आल्टो धरायचे. 'तरंगलं'वर आम्ही चौघं
एक सूर खाली उतरायचो, वर नाही.
वर काय कोणीही जाईल, होबार्ट म्हणायचा,
जड वस्तू आहे, तिचं वजन राहू द्या.

रविवारी पहाटे, डुकरांच्या भावांनंतर,
रेडिओवर लागायचं.
बाबा उठून दूध काढायला जात
आणि गाणं संपेपर्यंत गोठ्यातून येत नसत.
आई आवाज वाढवायची, मुद्दाम.
कारण त्यात वाजते ती गिटार बाबांची.
एका शनिवारच्या नाचापुरती दिलेली.
तो शनिवार एकोणीस वर्षं चालला.

कुऱ्हाड ज्याची, त्याचं नाव बायबलमध्ये नाही.
मी शोधलं. दुसरे राजे, अध्याय सहावा,
उणीपुरी सात वचनं.
नदी आहे, काटकी आहे, चमत्कार आहे.
पण संध्याकाळी रिकाम्या खुंटीकडे बघत बसलेला तो माणूस,
त्याला कोणी सांगायला गेलं का?

बाबांना ऑक्टोबरात पुरलं.
तीन फुटांवर खडक लागला, पहारी आणाव्या लागल्या,
त्याही शेजाऱ्यांच्या.
होबार्ट डोंगर चढून आला, दर दहा पावलांना थांबत,
खाणीनं ठेवलं तेवढ्या फुप्फुसावर,
काखेत गिटार, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली.

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत.
त्यानं त्यात तिसरं कडवं घालून आणलं होतं.
कबरीच्या तोंडाशी उभा राहून गायला,
तारा न छेडता.
त्यात कुऱ्हाडवाला दारात बसलेला असतो.
अंधार पडत येतो. वाटेवरून कोणीतरी येतं,
कपडे ओले, हातात काहीतरी जड,
आणि दोघांपैकी कोणीच बोलत नाही.
तिथंच संपतं. आमेनसुद्धा नाही.

आल्टो धरावा म्हणून मी तोंड उघडलं
आणि मिटलं.

आईनं गिटार घेतली. अभ्रा काढला,
झटकला, चार घड्या घातल्या,
आणि होबार्टच्या कोटाच्या खिशात कोंबला.
"हा तुझ्या बायकोचा," म्हणाली,
"नाहीतर राहून जायचा."