पॉइंट सात

किरिन्यागा रोडवर जुलैत नऊ वाजले तरी ऊन उतरत नाही,
पाने हाताला गार लागतात.
चेलांगातबाईंची फॉरेस्टर दाराशी उभी.
"माई माहिऊचा घाट चढताना," त्या सांगतात,
"जोरात पाय दिला की हिला उचकी लागते.
सपाटीवर काही नाही. घाटातच."

ओकुमू फुंडी लगेच बॉनेट उघडत नाहीत.
आधी विचारतात, बूस्ट वाढवलाय का कुणी?
बाई गप्प.
मग: "पुतण्यानं. डिसेंबरात.
म्हणाला, आत्या, आता बघ कशी पळते."

पळते की.
पण टर्बो हवा कोंबत राहतो आत,
आणि एवढ्या दाटीत ठिणगीला
या टोकावरून त्या टोकावर जायचं तर जीव एकवटावा लागतो.
फट रुंद असली की ती वाटेतच विझते,
पेट्रोल न जळताच मागच्या नळीनं निघून जातं,
पैसे मोजून घेतलेलं.

मला दुकानात पिटाळलं.
तीन दुकानं, तीन भाव, डबी तीच.
पहिल्यानं आईची शपथ घेतली.
पेट्रोलचं बोट मी पांढऱ्या चिनीमातीवर घासलं,
अक्षरं बोटावर आली.
शपथ त्यानं मागे घेतली नाही,
भाव तेवढा उतरवला.

तिसऱ्या दुकानातल्या म्हातारीनं वर न बघताच विचारलं,
सहा की सात?
सात.
आकडा वाढला की प्लग गार,
म्हणजे अंगातली धग झटकन सोडून देणारा.
लाल होऊन बसणारा नको,
नाहीतर ठिणगीच्या आधीच सगळं पेटतं
आणि पिस्टनला भोक पडतं
नर्सबाईंच्या वर्षभराच्या पगाराएवढं.

या गाडीचं इंजिन आडवं निजलेलं, प्लग दोन्ही कुशीत.
बॅटरी काढा, हवेचा डबा काढा,
मग मनगट मुरडून आत.
माझा हात लहान, म्हणून मला कामावर ठेवलंय,
असं फुंडी गिऱ्हाइकांना सांगतात.
जुने चार फडक्यावर मांडले:
तीन बिस्किटासारखे भाजलेले,
चौथा काळसर, त्याच्याबद्दल नंतर बोलू म्हणाले.

फट मात्र ते स्वतः लावतात.
मधल्या टोकाला हात लावायचा नाही,
सुईएवढं, इरिडियमचं, मोडलं की संपलं.
वाकवायची ती वरची पट्टी, तीही केसभर.
गेजचं पातं सरकलं पाहिजे,
पण जाताना बोटाला सांगून गेलं पाहिजे.

पूर्वी प्लग डोळ्याशी धरायचे.
आता हात लांब करतात, मग ट्यूबलाइटखाली जातात,
चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा डोळ्यांवर आणतात.
एक झाला. दोन. तीन.
मग चहाला गेले.

मी गेज उचललं.
पहिला पॉइंट सात.
दुसरा पॉइंट सात.
तिसऱ्यातून पातं आरपार गेलं, कशालाही न लागता.
पॉइंट नऊ, कदाचित जास्तच.
पट्टी मी लाकडावर टेकवली. टक.
पातं घातलं. अजून नाही. टक.
रस्त्याकडे पाठ करून.

परत आले तर चौथा तसाच, डबीत.
"तो तू कर," म्हणाले, "माझा चहा निवतोय."
हातातला कप रिकामा होता.

इंजिन थंड होतं. रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून
प्लग बोटांनीच फिरवले, आटे जुळेपर्यंत.
पाना शेवटी.

दुपारी घाटमाथ्यावरून बाईंचा फोन,
निम्मा वारा, निम्म्या त्या.
एकदाही नाही, म्हणाल्या, एकदाही नाही.

फुंडींनी फोन ठेवला.
"तिसरा किती होता?"
"पॉइंट सात," मी म्हणाले.
त्यांनी मान हलवली, गेज पुसलं,
त्यांच्या खणाकडे गेलेला हात थांबला
आणि ते माझ्या खणात ठेवलं.
"आणि त्या पुतण्याचा फोन आला," म्हणाले,
"तर मी जेवतोय म्हणून सांग."