वापरलेलं पातं

आधी मी एकशे आठ नगांचा संच मागवला.
जपमाळेएवढे नग, निळ्या पेटीत, ज्याच्या त्याच्या खाचेत,
चौदाशे नव्याण्णव, घरपोच.
तिसऱ्याच स्क्रूला पेचकसाचं नाक मुरगळलं.
नळाच्या नटावर पान्ह्याने तोंड वासलं ते मिटेचना.
उरलेले एकशे सहा
अजून शहाण्या मुलांसारखे पेटीत झोपलेत.
श्रीनिवास म्हणाला,
तू बिलं तपासायचीस तेच बरं होतं.

मग वागळे इस्टेटला गेले.
शुक्रवार. सगळं बंद.
बत्तीस वर्षं या भागाची मीटर रीडिंग लिहिली
आणि सुट्टीचा वार विसरले.
शनिवारी पुन्हा.

जिथे ओतकामाचा कारखाना होता
(युनिटचा आकडा रकान्यात मावत नसे)
तिथे आता काचेची इमारत,
गळ्यात पट्टे घातलेली मुलं चहाला खाली उतरलेली.
तिच्या मागच्या बोळात सेल्वराजचं भंगार.
मराठी अस्सल किसननगरचं:
काय पायजे, मावशी?
रंधा, म्हटलं, एक गुण्या, एक कानस.
सातशेच्या आत.
तो हसला नाही. तिथेच मला आवडला.

पोत्यावर लोखंड ओतलं त्याने,
गंज, ग्रीस, कुठल्या कुठल्या यंत्राचे दात,
आणि बसायला तेलाचा डबा पालथा घातला.
कानशीवर नख ओढ, म्हणाला,
कुरतडलं तर जिवंत आहे.
रंध्याच्या तळाला पट्टी लाव, उजेडाकडे धर,
फटीतून उजेड डोकावला
तर ठेव खाली, कितीही चमकू दे.
गुण्याला मात्र दोनदा विचारायचं.
फळीवर रेघ मार, गुण्या उलटा कर,
त्याच टिंबावरून पुन्हा रेघ.
दोन्ही एक झाल्या तर घे.
फाकल्या, तर जेवढ्या फाकल्या
त्याच्या निम्माच दोष गुण्याचा.

एकतीस वर्षांच्या संसारात
हे सूत्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सात गुण्ये फाकले.
आठव्याचं पितळ झिजलेलं, रेघ एकच.

रंध्यावर पोगराने टिंबं ठोकून लिहिलेलं: भा. ना. ४१७.
'ना' जरा कलता, जेवणाच्या सुट्टीत ठोकल्यासारखा.
पातं झिजून बोटभर उरलेलं.
मी म्हटलं, संपलंय हे, तीस कमी कर.
संपलं नाय मावशी, वापरलंय.
नव्याचं काय, त्याला कुणी घासलेलंच नसतं,
कसंय कुणाला ठाऊक?
एवढं बोलून तीस कमी केलेच.

रंधा दोनशे सत्तर. गुण्या ऐंशी. कानस साठ.
कोपरा उडालेली सहाण एकशे वीस.
लाकडी मुठीचा एक पेचकस, चाळीस,
एकच, पण नाकाचा पक्का.
बसचं तिकीट धरूनही सातशेतले शंभर उरले,
त्यांचे कळवा नाक्यावर बोंबील घेतले.

गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि सायकलीच्या मधे,
माझी अडीच फुटांची कार्यशाळा.
चार संध्याकाळी नुसतं पातं घासलं.
पाचवीला पलंगाची जुनी सागाची फळी घेतली.
रंधा खाडखाड अडखळला, लाकडाने दात दाखवले.
फळी फिरवली.
पुन्हा ढकलला,
आणि तोंडातून सुळकन
एक अखंड सोलपट बाहेर आलं,
इतकं पातळ की पलीकडची वाळत घातलेली चादर दिसावी.

श्रीनिवास येऊन फळीवरून हात फिरवून गेला.
काही बोलला नाही. परत आला.
भा. ना. म्हणजे कोण असेल?
जेवताना तो म्हणाला, भालचंद्र नाईक, पैज लाव.
मी म्हटलं, भागीरथी नारायण का नाही?
बोंबलाचा काटा काढत तो बराच वेळ विचार करत राहिला.

सेल्वराजने पावती दिली नव्हती.
हिशेबाच्या वहीत, 'रंधा २७०' या ओळीसमोर
ते सोलपट डकवलं.
वही आता नीट मिटत नाही.