किर्द

एक वाजून चाळीस. फ्रिज थांबतो,
आणि घरात जे ऐकू येत नव्हतं ते ऐकू यायला लागतं:
भिंतीपलीकडं दिनकर आणि वैनीचं एका लयीत घोरणं,
मोरीतला थेंब,
उद्यमनगरात कुणीतरी जड लोखंड खाली ठेवल्याचा आवाज.
गोळ्यांच्या डब्यातला गुरुवारचा खण रिकामा.
घेतली आहे. दोनदा बघितलं.

मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर मी किर्द लिहिते.
एकोणीस वर्षं. रवे, वजन, तोलाई, हमाली,
पैसा इकडचा तिकडं होत नाही.
म्हणून डॉक्टर म्हणाले, रोजची झोप लिहून ठेवा,
तेव्हा सोपं वाटलं.
लाल पुठ्ठ्याची वही काढली. डावीकडं जमा, उजवीकडं नावे.
सोमवार: दोन तास.
मंगळवार: पाऊण तास, तोही बहुतेक उसना.
बुधवार: डोळे मिटले होते.
हे कुठल्या बाजूला लिहायचं?

पायाला तेल लाव, जायफळ उगाळ,
रंकाळ्याला दोन फेऱ्या मार.
सगळं केलं. तेलानं चादर गेली.
सुगंधाकाकू म्हणाल्या, दिवसभर राबलं की आपोआप पडतंय माणूस.
पडते हो काकू.
झोप तेवढी पडत नाही.

खरं सांगायचं तर जागरणाला मी भीत नाही.
ते आवडायला लागेल, याला भिते.
तीन वर्षांमागं फाल्गुनात अकरा रात्री जागले
आणि थकलेच नाही.
पहाटे चारला अख्खं घर धुतलं, छतसुद्धा.
महाद्वार रोडवर बावीस साड्या घेतल्या, उधार, एकाच रंगाच्या.
गूळ थेट दुबईला पाठवायचा बेत
मालकांना घरी जाऊन सांगितला,
ते मशेरी लावत होते.
सगळं इतकं लख्ख दिसत होतं,
पन्हाळा तर हात लांबवला की लागेल असा.
मग सीपीआरचा वॉर्ड. मग सुया.
मग आषाढ, श्रावण, भिंतीकडं तोंड.
साड्या दिनकरनं फेडल्या.
वैनी त्यातलीच एक घरात नेसते, मोतिया.
बोलत काही नाही.

तेव्हापासून रात्री स्वतःची झडती घेते.
हा विचार जरा वेगानं आला का?
आत्ता गुणगुणले, ते कशासाठी?
खिडकीतून गार वारा आला, बरं वाटलं.
किती बरं वाटलं? कालपेक्षा जास्त?
सुख दारात आलं की आधी पावती मागते.
असं कोण जगतं, सांगा.

तीन वाजता मुल्लाणीमामा काठी आपटत गल्लीत येतो.
राखणदार.
पतसंस्थेच्या पायरीवर बसतो, कानटोपी खाली ओढतो
आणि पाच मिनिटांत असा झोपतो
की बघत राहावं. तोंड उघडं, काठी मांडीवर,
दुनियेचं कुलूप लावून किल्ली फेकून दिल्यासारखा.
मी गॅलरीत उभी.
पतसंस्थेचं शटर, त्याची सायकल, त्याची झोप,
तिन्हीवर नजर ठेवते.
मघाशी एक कुत्रं त्याचे पाय हुंगायला आलं.
वरनं हाड म्हटलं,
पण मामा जागा होणार नाही एवढ्याच आवाजात.

साडेचारला देवळाची घाटी होते.
अंबाबाईला उठवतात.
म्हणजे ती झोपलेली असते.
गंगावेशीकडं म्हशी निघाल्या आहेत,
डांबरावर खुरांचा ओला आवाज.

मामा दचकून उठतो, वर बघतो.
"ताई, कोण आल्तं का?"
"कोण न्हाई मामा."
मीच येऊन गेले दोनदा,
पण ते त्याला कशाला.

आत येऊन वही उघडते. पेन्सिल घेते, पेन नाही.
बुधवारची ओळ अजून तशीच.
गुरुवारी, जमेच्या बाजूला लिहिते:
मुल्लाणीमामा, दीड तास.