बारादेवी, परळ

हडकरमामा म्हणाले, शिवरात्रीला यायचं होतं,
तेव्हा दार उघडतो. आज जाळीतूनच बघा.
मी जाळीला कपाळ टेकवलं.

नाव बारादेवी, आत देव, तेही सात.
मोजताना दोनदा चुकले.
मोबाईलची बत्ती हळूहळू वर नेली:
पाय, कमरेचं वस्त्र, एक शांत चेहरा,
त्याच्या खांद्यांमागून उगवलेला दुसरा,
त्याच्याही डोक्यावर तिसरा, खूप हातांचा,
आणि दोन्ही बगलांतून निघालेले चार,
एका खोलीतून पाळीला बाहेर पडणाऱ्या भावांसारखे.
खाली ठेंगणे गण वाजवत बसलेत.
काय वाजवतायत ते कळेना.

संग्रहालयात याची प्लास्टरची प्रत आहे.
तिच्यावर दिवा आहे.

सासऱ्यांचे वडील, रावजी चिंदरकर,
एकतीस साली रस्त्याच्या कामावर बिगारी होते,
इथून शिवडीकडे खडी पडत होती तेव्हा.
पहार मारली आणि आवाज बदलला, सांगायचे.
"कातळ असो वाजना नाय."
मुकादमाने शिवी घातली, मग वाकून बघितलं
आणि डोक्यावरचा रुमाल काढला.
त्या रात्री रावजींना ताप भरला.
देवाला आपण जखम केली
हे त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.
सोमवारी उजव्या हाताने भाकर मोडत नसत.
लालबागेत राहून, चालत येण्याच्या अंतरावर,
घरातलं कुणी कधी बघायला आलं नाही.

म्हणून मी खूण शोधत होते.
एका कडेला, खाली, दगड खरंच खरबरीत होता,
टोचेच टोचे.
"ते पहारीचं नव्हे," हडकरमामा म्हणाले,
"कारागिरानंच सोडलंय तसं. काम पुरं झालं नाही."
का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.
पैसे संपले असतील. राजा बदलला असेल.
किंवा एका दुपारी छिन्नीखाली
त्याचाही आवाज बदलला असेल,
आणि त्यालाही घरी जाऊन ताप भरला असेल.

टोचे सगळे सारखेच. कुठला कुणाचा
या उजेडात लागेना.
बॅटरी चार टक्क्यांवर आली.

आणलेलं बेलाचं पान आत सरकवलं
तर ते जाळीतच अडकलं.
मी बोट घालून ढकलू लागले.
"राहू दे," मामा चपला शोधत म्हणाले,
"उद्या झाडताना जाईल आत."