हातचा एक

नेवाच्या काठी, गोदीच्या मागच्या अंगाला
माझी खोली होती. खिडकी उत्तरेला, म्हणजे दिवा दिवसाही.
काम एवढंच: जहाजावर जे जे चढेल
त्याचं वजन लिहायचं. पूड, पौंड, खाली बेरीज.
'बेलोझेर्स्क' तेव्हा अजून कागदावरच होतं.

कागदावर फार देखणं होतं.
कडा वर जाताना आत झुकलेल्या,
थंडीत शाल ओढून घ्यावी तशा.
पुढे एक बुरूज, मागे एक, दोघांत बारा इंची तोफांच्या जोड्या,
आणि कमरेला पोलादी पट्टा.
पट्ट्याची वरची कड पाण्यावर पाच फूट राहील
असं वेंत्सेलसाहेबांनी लाल शाईनं आखलं,
फूटपट्टी न लावता.
हात इतका स्थिर, की मला हेवा वाटायचा.

मग समितीला आणखी दोन वाफेच्या होड्या हव्या झाल्या.
कप्तानाच्या दालनाला ओकचं अस्तर.
पाणसुरुंगांविरुद्ध जाळी, जाळीला खांब,
खांबांना बिजागऱ्या, बिजागऱ्यांना तेलाची पिंपं.
एक पियानो, पंचवीस पूड.
रंगाचा चौथा हात मी वहीत धरला तेव्हा
सगळे हसले, "ल्यागिन, रंगाला कसलं वजन?"
अकरा टन.
आकडा भरला की हातचा पुढच्या रकान्यात,
तिथून पुढच्या पानावर, तिथून दुसऱ्या वहीत.
आणि ती लाल रेघ, जागची न हलता,
पाण्याकडे निघाली.

मी पत्र लिहिलं. दोन पानी, सुवाच्य.
साहेबांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा चष्मा पुसला.
"बरोबर आहे," म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं,
"पण पट्टा आता ठोकून झालाय."

माझ्या बहिणीचा निकांद्र त्याच जहाजावर भट्टीवाला.
निघायच्या आधी भेटायला आला आणि
पत्रे तोलायच्या काट्यावर हसत उभा राहिला:
"मामा, मलाही लिही."
चार पूड नऊ पौंड. बुटांसकट.
गंमत म्हणून खरंच लिहिलं, पेन्सिलीनं.

मादागास्करहून त्याचं पत्र आलं.
जेवायच्या मेजाखाली कोळसा, झोपायच्या जागी कोळसा,
अधिकाऱ्यांच्या न्हाणीघरातही कोळसा;
खालच्या तोफांची दारं समुद्र उसळला की उघडत नाहीत.
मी वही काढली. सवयच ती.
पट्टा पाण्याखाली दीड फूट.
उत्तरात लिहिलं, अंगात ऊबदार घालत जा.
मादागास्करमध्ये.
मला दुसरं काही सुचलं नाही.

मे महिन्यात, त्सुशिमाच्या पाण्यात,
पहिला गोळा पट्ट्याच्या वर लागला.
तिथे फक्त पातळ पत्रा होता, आणि ओकचं अस्तर.
भोकं सगळी हाताच्या उंचीवर, सुताराला बुजवता येतील अशी,
पण समुद्र आधीच तिथे येऊन टेकलेला.
आणि एकदा कलल्यावर
त्या देखण्या झुकत्या कडांना
पाणी रेटायला खांदाच नव्हता.
किती मिनिटं लागली, त्यावर पुढे चौकशी बसली.
मला कुणी बोलावलं नाही. वह्या मात्र मागवून नेल्या,
आणि पावती दिली: वह्या नग सात.

फेदोस्या आली ती रडली नाही.
चुलीपाशी बसून राहिली, हात मांडीवर उलटे ठेवून.
मग विचारलं,
मी त्याला निघताना लोकरीचे मोजे विणून दिले होते,
राखाडी, दोन जोड.
तू सगळंच मोजत होतास ना, पोर्फिरी?
मोजलेस का ते?

मी म्हणालो, हो.

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.
नव्या जहाजाचा सांगाडा उभा राहत होता, आणि
माझ्या मेजावर कोरी वही.
मोजले नव्हते.