तीन ऑगस्टचं दूध

तळघरातून नदी निघून गेली
तेव्हा दूधसंघाचा सर्व्हर गाळात आडवा पडला होता,
पंख्याच्या पात्यांत गवत.
मी उचलला तर आतून घमेलंभर पाणी सांडलं
आणि एक गोगलगाय, जिवंत.

नशीब म्हणजे झ्वोन्का.
हिशेबनीस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.
रोज पाचला डिस्क पर्समध्ये टाकून चढावरच्या घरी न्यायची,
रात्रभर ब्रेडच्या डब्यात ठेवायची.
आम्ही हसायचो.
आता ती माझ्या हातात देताना
तिने फक्त कडेचा चुरा फुंकरीने उडवला.

नवं यंत्र म्हणजे नवं नव्हेच.
ल्युब्लियानाच्या दंतवैद्यक कॉलेजने काढून टाकलेलं,
कपाळावर चिठ्ठी: क्ष-किरण विभाग, दुसरा मजला.
शाळेच्या संगीताच्या वर्गात ते पियानोवर ठेवलं,
दुसरं कोरडं टेबल नव्हतं.

सहा तास प्रत उतरत राहिली.
मग निळा पडदा:
सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही.
अरे बाबा, तिच्यावरच तर बसला आहेस.
पण त्याला जुनाच कंट्रोलर हवा होता,
जुन्याच जागी.
यावर मी चिडू शकलो नाही. दोन आठवडे मेहुण्याकडे झोपतोय;
रात्री जाग आली की माझा हात
त्याच्या भिंतीवर माझ्या घरचं बटण चाचपतो.

ड्रायव्हर एकेक करून आत सरकवले.
तिसऱ्या रात्री उठलं,
पण नेटवर्क नाही. म्हणे, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे.
कुठलं कार्ड? ते तर पुलापलीकडच्या ढिगाऱ्यात,
गाद्या आणि फ्रीजच्या खाली.
लपलेली उपकरणं दाखव म्हटल्यावर
फिकट अक्षरांत वर आलं,
नसूनही जागा अडवून बसलेलं.
काढून टाकायचं? खात्री आहे?
हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

आणि मग ते थेट कामालाच लागलं.
त्याच्या लेखी काल तीन ऑगस्ट होता.
एक काम राहून गेलंय, एवढंच त्याला ठाऊक.
उशीर झालेल्या कारकुनासारखं,
मी थांबवायच्या आत,
त्याने दोनशे अकरा घरांना मेसेज टाकले:
सकाळी पावणेसहाला टँकर येईल. कॅन भरून ठेवा.

खाली व्यायामशाळेत, रेडक्रॉसच्या खाटांवर,
एकामागून एक फोन वाजत गेले.
जिन्यातून आम्हाला ऐकू येत होतं.
मी तोंड लपवायला जागा शोधत होतो
तोच म्हातारी मारियेता ह्रिबेर्शेक वर आली,
पायात नुसते मोजे, चष्मा कपाळावर.
म्हणाली, येऊ दे.
दोन उरल्यात माझ्या. भावाच्या गोठ्यात आहेत.
झ्वोन्काने पत्ता लिहून घेतला, कागदावर.

उजाडेपर्यंत नोंदी लावत बसलो.
लिस्का. दिमका.
ब्रेझा आणि तिचं वासरू, ज्याला अजून नंबर पडला नव्हता.
कमी होण्याचं कारण निवडा:
विकली. आजार. वय. इतर.
झ्वोन्का म्हणाली, इतर नको.
यादीत नवी ओळ घालायची तर मुख्य पासवर्ड लागतो,
मी तो कधीकाळी माझ्या गल्लीच्या नावावरून ठेवला होता.
गल्ली टाइप केली. उघडलं.
मग खाली, पाचव्या जागी: पूर.

संध्याकाळी पाचला ती पर्स उघडून दारात उभी.
डिस्क अजून कोमट होती.