सारखं खोडा

फोनमधली सारंगी डब्याएवढ्या स्पीकरवर
सातवीच्या वर्गात सोडली.
खिडकीबाहेर साखरीनाट्याची जेटी,
वाळत घातलेल्या बांगड्यांवर कावळे.

ऐका, आणि दिसेल ते लिहा.

पहिल्या फेरीत सगळ्यांचा सूर मधासारखा.
एकाचा साखरेसारखा, त्याच्या घरी मध नसावा.
म्हटलं, सारखं खोडा. जणू खोडा. गत खोडा.
आता उरेल त्याला सरळ 'आहे' म्हणा.
वर्ग गप्प. बाकांवर खोडरबराचा चुरा.

मग तंझिला सोलकरने वाचलं:
सारंगी जाळ्यात गुरफटलेली कासवीण आहे.
अब्बा सुरीने जाळं कापतायत
आणि बोलत नाहीयेत,
जाळं नवं आहे.

मी फळ्याकडे वळलो. खडू शोधला.
हातातच होता.

भार्गव आडिवरेकरची वही कोरी.
"मला सारंगी ऐकूच येत नाही, सर.
बर्फाच्या कारखान्याचाच आवाज येतो."
तोच लिही.
त्याने उभ्याउभ्याच लिहिलं:
कारखाना झोपेत दात खातो.
त्याच्या पोटात जंत झालेत.

वर्ग इतका हसला
की सारंगी कधी संपली कळलं नाही.
उपमा आणि रूपक यांतील फरक, गुण दोन,
फळ्यावर लिहायचा राहिलाच.

रात्री खोलीवर दिवा मालवला.
अकरा वर्षं या गावात झोपतोय,
त्या घरघरीला कधी काही म्हणालो नव्हतो.
आज कूस बदलली,
अंधारातच विचारलं,
औषध घेतलंस का रे?